यंत्राच्या साक्षीवर माणसाचा निवाडा नको!



जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोघांना जन्मठेप ठोठावली. त्या निकालात मेंदूच्या चाचणीचाही आधार घेतला गेला आणि त्याची चर्चा जगभर झाली. ‘बीईओएस’ नावाच्या या चाचणीत आरोपीच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून ‘मी विष आणले’ अशा धर्तीची वाक्ये ऐकवली जातात. आरोपी गप्प बसतो. ती गोष्ट त्याने नुसती ऐकली आहे की स्वतः केली आहे, हे मेंदूतील विद्युतलहरींवरून संगणकप्रणाली सांगते, असा दावा होता. मात्र त्याच वर्षी ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने अशा मेंदूचाचण्या पुराव्यासाठी अशास्त्रीय ठरवल्या. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने आरोपींना जामीन दिला.

यंत्राकडून मन वाचून घेण्याची हीच भूक आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या रूपाने परत आली आहे. चेहऱ्यावरून राग, आवाजावरून खोटेपणा, नाडीवरून प्रामाणिकपणा ओळखण्याचे दावे होत आहेत. ‘तेव्हाचे यंत्र कच्चे होते, आताचे पक्के आहे,’ असे सांगितले जाते. पण दोष यंत्राच्या ताकदीत नव्हताच; पडताळणीची सोय नसण्यात होता. ईसीजीवरून हृदयाची लय बिघडल्याचे यंत्राने सांगितले, तर हृदयरोगतज्ज्ञ तोच आलेख पाहून ते पडताळतो. म्हणून वैद्यकातील या तंत्राचे आम्ही स्वागतच करतो. मनातला हेतू किंवा आठवण पडताळायला अशी कोणती दुसरी कसोटी आहे? दिवसचे दिवस चौकशीला सामोरा गेलेला निरपराध माणूसही गुन्ह्याचा तपशील ऐकून दचकतो. यंत्राला दचकणे मोजता येते, त्यामागचे कारण नाही. चेहऱ्यावरील हावभावांवरून भावना खात्रीने ओळखता येत नाहीत, असा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञांनी शेकडो अभ्यास तपासून २०१९ मध्ये मांडला आहे.

‘अशा यंत्रांमुळे पोलिसी मारहाण तरी थांबेल,’ हा आक्षेप गंभीर आहे. कोठडीतला छळ थांबलाच पाहिजे. पण एका जबरदस्तीच्या जागी दुसरी आणणे हा त्यावरचा उपाय नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूचाचणी संमतीशिवाय करणे घटनाबाह्य ठरवले. संमतीची वाट मात्र मोकळी राहिली, आणि कोठडीतली संमती किती मोकळी असते, हे वेगळे सांगायला नको. नोकरीच्या मुलाखतीला बसलेल्या तरुणाची किंवा वर्गातल्या मुलाची संमतीही तशीच अगतिक असते. म्हणूनच युरोपीय संघाने कामाच्या ठिकाणी आणि शाळांत वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अशी थेट बंदी नाही.

म्हणून आमची मागणी आहे: शरीराच्या संकेतांवरून हेतू, खरेपणा वा स्वभाव ठरवणारी कोणतीही यंत्रणा पोलीस तपासात, नोकरभरतीत आणि शाळेत वापरली जाऊ नये. उपचारासाठी वापरायचे यंत्र आधी आपल्याच रुग्णांवर, स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासले जावे आणि अंतिम निर्णयाची जबाबदारी नाव नोंदवलेल्या डॉक्टरवर राहावी. आपल्या कंपनीत, शाळेत, वसाहतीत असे यंत्र येत असेल, तर त्याची पडताळणी कोणी व कशी केली, हे लेखी विचारा. उत्तर मिळेपर्यंत संमतीपत्रावर सही करू नका.