जामीन म्हणजे जमीन नव्हे

माझी एक जुनी विद्यार्थिनी ईदला भेटायला घरी आली होती. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली, आता कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात चौथ्या वर्षाला आहे. शीरखुर्मा खाता खाता म्हणाली, “सर, डिसेंबरात परीक्षा संपल्यावर मी चार आठवडे लोक अभिरक्षक कार्यालयात इंटर्नशिप केली. अम्मी अजून नाराज आहे. म्हणते, वकील व्हायला पाठवलं आणि तू चोरांच्या बाजूला जाऊन बसलीस.”

तिच्या अम्मीला दोष देता येत नाही. ‘सरकारी वकील’ म्हटलं की आरोपीविरुद्ध लढणारा, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. पण ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, त्या आरोपीच्या बाजूने उभं राहणारं कार्यालयही आता जिल्हा न्यायालयांत असतं. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2022 साली ही योजना आणली. इथले वकील पूर्ण वेळ हेच काम करतात. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीत असलेल्या माणसाला, स्त्रीला, बालकाला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तो हक्क आहे, खैरात नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 1979 साली हे ठामपणे सांगितलं, ते बिहारच्या तुरुंगात खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांच्या खटल्यात. त्या खटल्याचं नावच हुसैनारा खातून असं आहे. आपल्यापैकी किती जणांना ते माहीत आहे?

मुलीने एक प्रसंग सांगितला. एक म्हातारी रोज कार्यालयाच्या बाहेर बसायची. मुलाला जामीन मंजूर होऊन दीड महिना झाला होता, तरी तो आत होता. कुणीतरी तिला सांगितलं होतं, “जामीन द्यावा लागेल.” ती म्हणत होती, “अपने पास जमीन कां है, बेटा?”

दोन्ही भाषा शिकवणारा मी, ऐकून गप्प झालो. वकील, फिर्याद, जबाब, जप्ती, कैद हे सगळे शब्द दोन्ही भाषांत नांदतात, म्हणून आपण समजतो की कोर्टाची मराठी आपल्या माणसांना कळते. ती कळत नाही. उर्दूत सुटकेला जमानत म्हणतात आणि हमी देणाऱ्याला जामिन. मराठीत दोन्हीला जामीनच म्हणतात. या गोंधळात म्हातारी दीड महिना बसून होती.

माझ्या विद्यार्थिनीने तिला शेजारी बसवून आदेश वाचून दाखवला, दख्खनीत समजावला आणि तारीख पाहून वकीलसाहेबांच्या लक्षात आणून दिली. जामीन मंजूर होऊनही महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं आहे. वकीलसाहेबांनी अर्ज केला आणि मुलगा जातमुचलक्यावर सुटला. या मुलीने कोर्टात एक शब्द बोलला नाही. तिला तसा अधिकारही नाही. तिने फक्त नीट वाचलं आणि नीट ऐकलं.

वकिलीच्या विद्यार्थ्याला इंटर्नशिप करावीच लागते, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात 20. मुलं मोठ्या फर्म शोधतात, त्यात गैर काही नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्यातले चार आठवडे इथे द्यावेत. देशातल्या तुरुंगांत शिक्षा झालेल्यांपेक्षा कच्चे कैदी कितीतरी जास्त आहेत, आणि त्यांच्यात मुसलमानांचा वाटा लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा मोठा आहे. यावर आपण भाषणं पुष्कळ ऐकतो. मात्र त्या कैद्याची फाइल वाचून त्याच्या आईला समजेल अशा भाषेत सांगणारं माणूस घडवत नाही.

“गुन्हेगाराला का वाचवायचं?” हा प्रश्न येतोच. पण गुन्हा सिद्ध होईपर्यंत तो गुन्हेगार नसतो, आणि सिद्ध करायचा तर दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. दुसरा समज असा, की फुकटचा वकील कामाचा नसतो. म्हणून लोक दागिने विकून कुणातरी दलालाने आणलेला वकील करतात. मोफत वकील सगळेच उत्तम असतात असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी इंटर्नकडून नुसत्या झेरॉक्स काढून घेतात, हेही ऐकलं आहे. पण शिकायची इच्छा असलेली मुलं तिथे गेली, तर कामही सुधारेल आणि समजही बदलेल.

अडचण पैशाची आहे. या कामात बहुधा मानधन मिळत नाही, आणि गरीब घरची मुलगी रोजचं बसभाडं कुठून आणणार? आपल्या मोहल्ल्यांत शिक्षण फंड आहेत, ते फी भरतात आणि वह्या वाटतात. त्यांनी दरवर्षी दोन मुलांचा चार आठवड्यांचा प्रवास आणि जेवण एवढा खर्च उचलावा. एखाद्या लग्नातल्या एका पंगतीपेक्षा तो कमीच असेल.

आणि मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांखाली एक नंबर उर्दूत आणि मराठीत लिहून ठेवावा: विधी सेवा हेल्पलाइन, 15100.