बेस वर, काकू खाली

बुकशेल्फ स्पीकर कितीही भारी घ्या, चार-पाच इंचांच्या त्या कोनला तळाचा आवाज झेपत नाही. बेस गिटारची सगळ्यात जाड तार वाजते 41 हर्ट्झला, पियानोची शेवटची पट्टी 27.5 ला, आणि हे बिचारे साधारण 70-80 च्या खाली हात टेकतात. मग बॉस, पॉवर्ड सबवूफरला पर्याय नाही. पॉवर्ड म्हणजे त्याच्या पोटातच स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर. तुमच्या अ‍ॅम्पवर भार नाही.

दुकानात (लॅमिंग्टन रोड असो की अंधेरीतलं एसी शोरूम) सेल्समन वॉट्स ऐकवत बसतो. ऐकून घ्या आणि विचारा, साहेब, हा किती हर्ट्झपर्यंत खाली जातो? अ‍ॅम्पला ‘सब आउट’ नसेल, तर सबवूफरला थेट स्पीकरच्या वायरी जोडायची सोय आहे का, तेही बघा. जुन्या स्टिरिओवाल्यांची गाडी तिथेच अडते.

खरी गंमत घरी आल्यावर. आमचा बोरिवलीचा हॉल 10 बाय 12. बारा फुटांत साधारण 47 हर्ट्झची लाट दोन भिंतींमध्ये बरोबर अडकते. भिंतीलगतच्या सोफ्यावर ढुम्म ढुम्म, खोलीच्या मध्यावर तोच सूर गायब! उपाय येडचाप आहे, पण जालीम. सबवूफर चक्क सोफ्यावर ठेवायचा, बेसवालं गाणं लावायचं आणि आपण फरशीवर रांगत फिरायचं. जिथे बेस साफ, एकसारखा ऐकू येईल ती त्याची जागा. (माझ्या रांगण्याचा व्हिडिओ बायकोने सासरी-माहेरी दोन्हीकडे पोचवलाय.) क्रॉसओव्हर 80 वर. रिसीव्हरमध्ये 80 केलं असेल तर वूफरवरचा नॉब पूर्ण उघडा, नाहीतर एकाच आवाजाला दोन गाळण्या लागतात. फेजचं बटण दोन्हीकडे करून बघायचं, जिकडे भरीव वाटेल तिकडे ठेवायचं.

आता काकू. आमच्या बरोबर खाली राहतात, गेल्या वर्षी बायपास झालीय. आई गावी असताना माझ्या तापात तीन दिवस पेज वर आणून देणाऱ्या याच. म्हणून पहिल्याच शनिवारी बायकोला मारधाडीचा सिनेमा लावायला सांगितला आणि मी खाली जाऊन काकूंच्या पलंगापाशी बसलो. संवाद शून्य, गाणी शून्य. नुसतं धप्प... धप्प. मांडणीतला एक स्टीलचा पेला थरथरत होता.

“अरे, मला वाटलं कोणीतरी कुटतंय,” काकू म्हणाल्या. “लाव रे तू. मी काय, जागीच असते.”

कोणी भांडलं असतं तर परवडलं असतं.

कायद्याचं म्हणाल तर 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण हे मोजतात ते ‘ए’ मापाने, आणि त्यात 40 हर्ट्झच्या आवाजाला जवळजवळ 35 डेसिबलची सूट मिळते. म्हणजे मीटर गप्प, पेला बोलतोय! रबरी पॅडही घेतले. पायांतून फरशीत जाणारी थरथर त्यांनी कमी होते, हवेतून स्लॅबवर येणारा दाब मात्र कुठल्याच पॅडला अडत नाही. कोपऱ्यात बेस सगळ्यात फुगतो, तेव्हा रांगून सापडलेल्या दोन जागांपैकी कोपऱ्यापासून लांबची घेतली, व्हॉल्यूम निम्म्याच्याही खाली आणला आणि रात्री साडेनऊला वूफरचा प्लगच काढायचा, असं ठरवलं. त्यानंतर नुसते स्पीकर. सिनेमा थोडा पोकळ वाटतो, चालतंय.

गेल्या रविवारी काकू जिना चढून वर आल्या. फर्माईश भीमसेनजींची. तबला सुरू झाला आणि त्या पुढे सरकून बसल्या.

“हा डग्गा आमच्या टेपवर कधी ऐकूच आला नाही रे.”

मी घड्याळ बघितलं. सव्वानऊ. पंधरा मिनिटं होती.