बोहारणीला देण्यापूर्वी एक धागा पाहा

१/ इस्लापूर-किनवटकडच्या जुन्या पेट्यांत आजीची लुगडी अजून सापडतात. चमकते ते रेशीम म्हणून जपायचे आणि साधे दिसते ते भांड्याच्या बदल्यात बोहारणीला द्यायचे, हा न्याय मला मान्य नाही.

२/ पदराच्या दशांतला एक उभा धागा आणि फाटल्या जागेचा एक आडवा धागा घ्यावा. चिमट्यात धरून जाळावा. कागदाचा वास व मऊ राख म्हणजे सूत. केसांचा वास व चुरडणारी काळी गोळी म्हणजे रेशीम. वितळून कडक मणी उरला, तर टेरिलीनसारखा कृत्रिम धागा.

३/ दोन्ही धागे का? औरंगाबादच्या हिमरूत सूत आणि रेशीम एकत्र नांदतात. रेयॉन तर रेशमासारखा चमकतो, पण सुतासारखा जळतो.

४/ नांदेडचा परिसर गावरानी कापसाचा. १९७० साली एच-४ हा संकरित वाण आला, २००२ साली बीटी. गावरानी मागे पडला. धागा कोणत्या वाणाचा, हे ज्योत सांगत नाही. परंतु ते सुती लुगडेच मोडीत गेले, तर पुढे विचारायचे कोणाला? म्हणून माझे मत : साधे सुतीच आधी जपावे.