प्लॉट घ्यावा की दुकान वाढवावे?

मूलकडच्या एका शिंपी बांधवाने व त्यांच्या पत्नीने आपला हिशेब आमच्यापुढे ठेवला आहे. पोटाला चिमटा काढून दोघांनी तीन लाख रुपये साठविले. मेव्हणे म्हणतात, गडचिरोलीकडे प्लॉट घ्या. सुरजागडची खाण, कोनसरीचा कारखाना, भाव चढणारच. बाईंचे म्हणणे, मशिनी वाढवू.

जमिनीची ओढ आम्ही हसण्यावारी नेत नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ च्या सत्याग्रहात भूमिहीन माणसे जमिनीसाठीच तुरुंगात गेली. पण राहण्यासाठी घेतलेली जागा वेगळी आणि भाव वाढेल म्हणून अडकवून ठेवलेली वेगळी. समजा, तीन लाखांच्या प्लॉटचे आठ वर्षांनी पाच लाख झाले. ऐकायला मोठे वाटते, पण व्याजाने मोजले तर वर्षाला साडेसहा टक्क्यांच्या आसपास पडते. त्यातून मुद्रांक, नोंदणी व दलाली वजा करा. शिवाय मधल्या आठ वर्षांत घरात एक पैसा येत नाही.

आपल्या जिल्ह्यांत आणखी एक मेख आहे. 'झुडपी जंगल' अशी नोंद असलेली जमीन ही वनजमीनच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी शासनाने दिलेल्या जागांना त्यात नियमित होण्याची वाट ठेवली आहे. नंतरच्यांचे काम कठीण. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगर आदिवासीला घेता येत नाही. भोगवटादार वर्ग २ असेल तर तिथेही परवानगी आलीच. लेआउट पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. सातबारा, जुने फेरफार आणि अकृषक आदेश डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विसाराचा रुपयाही देऊ नका. नुसत्या स्टॅम्पपेपरवरच्या नोटरीने मालकी मिळत नाही, मग दलाल कितीही जवळचा असो. (तो बहुधा जवळचाच असतो!)

आता दुकान. ते वाढवावे की नाही, हे वहीला विचारा. गणवेशाच्या दिवसांत आणि दिवाळीत किती गिऱ्हाइके परत पाठविली? कोणीच परत जात नसेल तर नवी मशीन कापडाखाली झाकून राहील. या दांपत्याची वही आम्ही पाहिली. दर हंगामात काम परत जाते. दोन मशिनी, एक ओव्हरलॉक आणि थोडे कापड, मिळून एक लाख वीस हजार. कारागिराची मजुरी जाऊन महिन्याला पाच हजार जास्त उरले तरी दोन वर्षांत पैसे वसूल. उधारी मात्र आवरावी लागेल. वहीत ती बाईंना आवडणार नाही इतकी आहे.

उरलेले एक लाख ऐंशी हजार बँकेत दोघांच्या नावे ठेवावेत. दुखणे सांगून येत नाही. पुढे जास्त भांडवल लागले तर मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळते, महात्मा फुले महामंडळाकडेही चौकशी करावी. घराच्या जागेचा विचार दोन वर्षांनी, तोही मूलमध्येच.

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. मशिनी एप्रिलपर्यंत बसल्या पाहिजेत.