तिकीट काढून घाबरणे

जानेवारी आला की सोलापुरातल्या पोरांच्या तोंडी एकच शब्द असतो, गड्डा. संक्रांतीच्या सुमारास श्री सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, नंदीध्वजांच्या मिरवणुका निघतात आणि होम मैदानावर पाळणे उभे राहतात. यात्रेचे विधी ज्यांचे त्यांचे. पण आकाशपाळण्याला, मौत का कुआँला आणि भज्यांच्या गाडीला जातधर्म नसतो. बेगम पेठेतून, विजापूर वेशीतून, नई जिंदगीतून बुरख्यातल्या आया पोरांना बोटाला धरून तिथे जात आल्या आहेत. आमच्या नानीही गेल्या होत्या.

त्या गर्दीत एक तंबू असतो. दारावर कवटी रंगवलेली, वर लाल दिवा आणि कर्ण्यातून सतत कोणीतरी खदाखदा हसत असते. हा भूत बंगला. परदेशात 31 ऑक्टोबरला हॅलोविन असते. तेव्हा तिथे अशी भुताची घरे उभी राहतात, लोक तिकीट काढून आत जातात आणि किंचाळत बाहेर येतात. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये आणि काही इंग्रजी शाळांतही आता ते खूळ आले आहे. मोबाईलवर ते पाहून आमची मुले विचारतात, "आपल्याकडे का नसते?" आम्ही म्हणतो, असते की, फक्त अडीच महिने उशिरा आणि भाजक्या शेंगा खात खात.

यंदा आम्ही सहा मुलांची फौज घेऊन गेलो. दोन आमची, तीन बहिणीची, एक शेजारचा. त्यातली पाचजण आत गेली, आम्हीही त्यांच्या मागे गेलो. आत काळ्या कापडाच्या भिंती आणि दर चार पावलांवर वळण. चेहऱ्याला ओले दोरे लागतात, पायाखाली अचानक मऊ गादी येते, मानेवर पंख्याचा वारा येतो. एका कोपऱ्यात पेटीतून सांगाडा उठतो आणि शेवटी मुखवटा घातलेला एक माणूस कानाशी ओरडतो. दोन-तीन मिनिटांत सगळे संपते. बाहेर आल्यावर पाचही जणांनी आपण कसे घाबरलो नाही ते एकाच वेळी सांगायला सुरुवात केली. मुखवटेवाला पोरगा थोड्या वेळाने मागच्या बाजूला चहा पीत बसलेला दिसला. घामाने भिजलेला, वय असेल अठरा-एकोणीस. दिवसभर ओरडून घसा बसला होता बिचाऱ्याचा. मुलांनी त्याला सलाम केला, त्यानेही हसून हात हलवला.

घरी आल्यावर आमच्यातला शिक्षक जागा झाला. कसे केले असेल, यावर तासभर बैठक चालली. अंधाराची पुरती सवय व्हायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात, तंबूतला फेरा मात्र तीन मिनिटांत आटोपतो. म्हणजे तुम्ही सगळा वेळ जवळजवळ आंधळे असता. जांभळ्या दिव्यात पांढरा शर्ट चमकतो, कारण धुण्याच्या पावडरीत कपडे उजळ दिसावेत म्हणून जे रसायन घालतात, ते त्या न दिसणाऱ्या किरणांत उजळते. हवेत तरंगणारे भूत तर फार जुने आहे. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये 1862 साली जॉन पेपर यांनी ते रंगमंचावर आणले. मूळ कल्पना हेन्री डर्क्स नावाच्या अभियंत्याची, नाव मात्र पेपर यांचे झाले. रंगमंचावर मोठी काच तिरकी उभी करायची, प्रेक्षकांना न दिसेल अशा जागी माणूस उभा करून त्याच्यावर झगझगीत उजेड टाकायचा. त्याचे प्रतिबिंब काचेत पडते आणि तो हवेत उभा असल्यासारखा दिसतो. रात्रीच्या एसटीत खिडकीबाहेरच्या शेतात आपलाच चेहरा तरंगताना तुम्ही पाहिला असेल, तेच हे. आमच्या थोरल्याने दुसऱ्या दिवशी खिडकीची काच आणि मोबाईलची बॅटरी वापरून स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याचे भूत करून दाखवले. अब्बांनी त्याला पाच रुपये दिले.

आत न गेलेली सहावी म्हणजे आमची धाकटी, वय वर्षे सात. तंबूच्या दाराशीच ती थांबली आणि म्हणाली, "मेरेकू नै जानेका." मावसभावांनी हसायला सुरुवात केली. एकाने तर तिचा हात धरून ओढलेही. आम्ही तो हात सोडवला आणि खालाजानबरोबर तिला बाहेरच ऊस खायला बसवले. ओढणाऱ्या भाच्याला वाटले, आम्ही उगाच लाड करतो. त्याला जे सांगितले ते इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रश्न फक्त गड्ड्यातल्या तंबूचा नाही.

सुनन अबू दाऊदमध्ये एक प्रसंग येतो. सहाबा प्रवासात होते. त्यांच्यातल्या एकाला झोप लागली. दुसऱ्या कोणी जाऊन त्याच्याजवळची दोरी उचलली आणि तो दचकून घाबरला. त्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जे फर्मावले त्याचा आशय असा की, मुस्लिमाने मुस्लिमाला घाबरवणे वैध नाही. प्रसंग किती लहान आहे पाहा. चोरी नव्हती, मारहाण नव्हती, गंमतच असावी. तरीही सांगावे लागले. फतवा देणे हे आमचे काम नाही, ते उलेमांनी पाहावे. शिक्षक म्हणून आम्हाला त्यात एक गोष्ट दिसते. तो माणूस झोपलेला होता. त्याने भीती मागितली नव्हती. तिकिटाच्या खिडकीशी पैसे मोजणारा मुलगा ती मागून घेतो, आत काय आहे हे त्याला ठाऊक असते आणि बाहेर पडल्यावर ती संपते. आमच्या धाकटीने मागितली नव्हती. एवढाच फरक, पण आमच्या लेखी तो फार मोठा आहे.

आता आपल्या घरांकडे पाहू. भात खाल्ला नाहीस तर हव्वा येईल. गच्चीवर गेलास तर चिंचेवरचा जिन्न धरेल. मोठ्या माणसांना हे सोपे पडते; उठावे लागत नाही, समजवावे लागत नाही, पोर मुकाट्याने जेवते. कुरआनात अल-जिन्न नावाची एक संपूर्ण सूरह आहे, जिन्नांचे अस्तित्व आपण मानतो, त्याबद्दल वाद नाही. पण त्या श्रद्धेचा छडीसारखा वापर करणे ही आपली सोय आहे, दीन नव्हे. तंबूतला पोरगा तीन मिनिटांनी मुखवटा काढून चहा प्यायला बसतो. हव्वा मुखवटा काढत नाही. रात्री मूल लघवीला एकटे उठत नाही, अंथरूण ओले होते, मग त्याबद्दलही बोलणी खाते.

एका शाळेत शिकवत असताना पाचवी-सहावीच्या मुली दिवसभर पाणी पीत नव्हत्या. बाटल्या भरलेल्याच घरी जात. विचारले तर सगळ्या गप्प. शेवटी एकीने सांगितले की शेवटच्या बाथरूममध्ये "कुछ तो भी है." कोणी चुडैल म्हणत होते, कोणी जिन्न. खणत गेलो तेव्हा कळले, की दोन महिन्यांपूर्वी गंजलेली कडी अडकून एक मुलगी आत कोंडली गेली होती आणि दिवा गेलेला होता. तिच्या किंकाळीतून आठवड्याभरात भूत तयार झाले. उन्हाळ्यात पाणी न पिणाऱ्या मुलीच्या पोटात किती दुखते, लघवीला किती जळजळ होते, ते आयांना वेगळे सांगायला नको. सुताराला बोलावून कडी बदलली, नवा दिवा लावला, आणि मुलींना चार-चार करून नेऊन कडी स्वतः लावायला आणि उघडायला सांगितली. पाचव्या दिवशी बाटल्या रिकाम्या होऊ लागल्या. तावीज लागला नाही.

त्या मुलींची भीती खोटी होती असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्यांना बंद दाराचीच भीती होती, फक्त नाव चुकीचे पडले होते. आणि बंद दाराला खरोखर घाबरावे.

भूत बंगल्यांचा इतिहास वाचताना हे वारंवार समोर येते. 9 जून 1979 रोजी सिडनीच्या लुना पार्कमध्ये भुताच्या गाडीच्या बोगद्याला आग लागली आणि 7 जण गेले, त्यातली 6 मुले. 11 मे 1984 रोजी अमेरिकेत न्यू जर्सीच्या ग्रेट ॲडव्हेंचर उद्यानात भुताच्या किल्ल्याला आग लागली, 8 किशोरवयीन मुले आत अडकून मेली. धुराचा इशारा देणारे यंत्र तिथे नव्हते, छतातून पाण्याचे फवारे सोडणारी सोय नव्हती. भूत बंगला जसा रचतात, त्यातच धोका आहे. अंधार, वळणे, कापड आणि फोम, आणि आतून किंकाळी आली तरी बाहेरच्याला ती खेळाचीच वाटणार. आपल्याला दूर जायला नको. 18 मे 2025 च्या पहाटे आपल्याच अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि 8 माणसे गेली, त्यात लहान मूलही होते. त्या दिवशी सोलापुरात कोणत्या गल्लीत चूल धड पेटली असेल, आम्हाला आठवत नाही.

बुखारी शरीफमध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस आपल्या घरांत बऱ्याच जणांना अर्धी माहीत असते. अंधार पडताना मुलांना जवळ घ्या, कारण त्या वेळी जिन्न फिरतात, एवढा भाग प्रत्येक दादीला पाठ असतो. मगरिबला पोरे आत बोलावली जातात ती त्यामुळेच. त्याच हदीसमध्ये पुढे झोपताना दिवे विझवायला सांगितले आहे आणि कारणही दिले आहे: उंदीर वात ओढून नेईल आणि घरातल्यांना जाळून टाकील. जिन्न आणि वात एकाच हदीसमध्ये शेजारी शेजारी आहेत. आपण पहिल्याची गोष्ट पोरांना रोज सांगतो. दुसऱ्याची, म्हणजे रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद करण्याची, उशीखाली मोबाईल चार्जिंगला न ठेवण्याची, जिन्यात जुनी कपाटे आणि सायकली न रचण्याची गोष्ट कोण सांगते?

म्हणून आम्ही मुलांना भूत बंगल्यात जाऊ देतो, पण तिकिटाआधी दोन प्रश्न विचारायला लावतो. पहिला स्वतःला: मला जायचे आहे का, की भाऊ हसतील म्हणून जातोय? दुसरा खिडकीवरच्या माणसाला: बाहेर पडायचा रस्ता कुठून आहे? यंदा थोरल्याने विचारले तेव्हा त्या माणसाने आधी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले, मग उठून मागची ताडपत्री उचलून दाखवली. खिडकीवरच्यांनी ओरडायचेच ठरवले असते तर आम्ही पुढच्या पाळण्याकडे गेलो असतो.

ही सवय आता थोरल्याच्या अंगवळणी पडते आहे, कधी कधी जरा जास्तच. परवा एका वलीम्याला गेलो होतो. दस्तरखान लागला, सगळे बसले आणि हा गायब. शोधत गेलो तर शादीखान्याच्या मागच्या दाराशी दोन मावसभावांना घेऊन उभा. दाराला टेकून प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत रचलेली होती. त्यातला एक भाऊ म्हणजे गड्ड्यात बहिणीचा हात ओढणारा तोच. तिघांनी खुर्च्या एकेक करून भिंतीकडे सरकवल्या, दार उघडून पाहिले, पुन्हा लोटले आणि मगच बिर्याणीला येऊन बसले.