सायकल मोडीत काढण्यापूर्वी



पहिली पाळी गाठणारा कामगार, शिकवणीला जाणारी मुलगी, घरोघरी पेपर टाकणारा पोरगा, यांची सायकल बंद पडली की एक तर रिक्षाचे भाडे, नाही तर कामाचा खाडा. मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलची, बारीक टायरची, स्वस्तातली गिअरची सायकल आता आपल्याही घरांत आली आहे. काही वर्षांनी ती कुरकुरते, चेन सटकते आणि "विकून नवी घ्या" असा सल्ला मिळतो. थांबा. आधी हिशेब करा.

वाणिज्य शाखेत घसारा शिकवतात. यंत्र एकदम झिजत नाही, त्याचे भाग आपापल्या वेळी झिजतात. सायकलचेही तसेच. फ्रेमला तडा गेला असेल तर तिच्यावर रुपयाही घालू नका. फ्रेम शाबूत असेल तर बाकीचे भाग बदलता येतात.

पहिला खर्च ब्रेकचा. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की रबर बदला. वायरचे धागे तुटू लागले की वायर बदला. तिथे काटकसर नको, तिथे जिवाशी गाठ आहे.

मग टायर. मागचे लवकर झिजते. नवे टायर पुढे घाला आणि पुढचे चांगले असेल तर मागे न्या, कारण पुढचे फुटले तर तोल सावरत नाही. दुकानात 'अठ्ठावीसचे' एवढेच सांगू नका. या सायकलच्या टायरवर बहुधा ६२२ आकडा असतो, जुन्या दूधवाली सायकलच्या टायरवर ६३५. एकाचे दुसऱ्याला बसत नाही.

चेन पट्टीने मोजा. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा. नव्या चेनमध्ये १२ इंचांवर बरोबर पिनेचा मध्य येतो. तो अर्धे सूत, म्हणजे १/१६ इंच, पुढे सरकला की चेन बदला. एक सूत सरकेपर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलचे दातेही बहुधा गेलेले असतात आणि खर्च वाढतो. साध्या सायकलची रुंद चेन इथे चालत नाही. चेन फडक्याने पुसून तेलाचे थेंब सोडा, वरचे तेल पुसून घ्या. गाडीतून काढलेले काळे ऑइल नको, त्यात धातूचा चुरा असतो.

आता सुधारणेचे. चांगला चालणारा भाग काढून भारी भाग बसवणे ही हौस झाली. झिजलेला भाग बदलतानाच थोडा चांगला घ्या. लोखंडी रिम गंजली तर त्या वेळी अॅल्युमिनियमची घाला. पावसात तिच्यावर ब्रेक पुष्कळ बरा धरतो. फ्रीव्हील मात्र सात गिअरचे असेल तर सातचेच घ्या. आठचे घेतले तर हँडलजवळचा गिअरचा खटका जुळत नाही.

घरखर्चाच्या वहीत एक पान सायकलचे ठेवा. कोणता भाग, कधी, किती रुपयांना, ते लिहा. हे काम मुलीकडे द्या आणि पानाही तिच्याच हाती द्या. वर्षअखेरीस बेरीज करा आणि नव्या सायकलच्या किमतीशेजारी मांडा. मग विकायची की ठेवायची, हे वहीच सांगेल.