लाईट आली, पण प्रिंटर?

एप्रिल-मे म्हणजे बेळगावात वळवाचे दिवस, आणि वळीव आला की लाईट गेलीच म्हणून समजा. तासाभरानं ती येते. पंखे फिरतात, फ्रीज घरघरतो, प्रिंटर मात्र ‘ऑफलाईन’ म्हणून बसून राहतो. घरातलं कुणीतरी निकाल देऊन टाकतं, “जळला वाटतं!”

बहुतेक वेळा तो जळलेला नसतो. त्याचा पत्ता बदललेला असतो.

राऊटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता देतो, १९२.१६८.१.५ असा काहीतरी. लाईट गेली की बऱ्याच राऊटरांची ही वही कोरी होते. मग काल प्रिंटरचा असलेला पत्ता आज एखाद्या मोबाईलला मिळतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो. दुसरी अडचण म्हणजे प्रिंटर राऊटरच्या आधी जागा होतो, वायफाय शोधतो, ते सापडत नाही, आणि काही प्रिंटर पुन्हा शोधायचे कष्ट घेत नाहीत.

म्हणून आधी राऊटर लावा, इंटरनेट येईपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबा, मग प्रिंटर आणि शेवटी कॉम्प्युटर. निम्मं काम एवढ्यानंच होतं.

आमच्या शेजारच्या मुलीची दुसऱ्या दिवशी सकाळी सीईटी होती. रात्रीचे दहा वाजलेले, झेरॉक्सची दुकानं बंद. “काका, हॉल तिकीट काढायचंय आणि हा ऐकतच नाही!” जाऊन बघितलं तर तिनं घाबरून अकरा वेळा प्रिंट दाबलेलं. अकराही कामं रांगेत अडकलेली, पहिलं पुढं सरकेना. अशा वेळी कॉम्प्युटर बंद-चालू करूनही उपयोग होतोच असं नाही, कारण ही कामं फाईल होऊन डिस्कवर पडून असतात. विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ थांबवला, सिस्टीम३२ मधल्या ‘स्पूल’च्या आत ‘प्रिंटर्स’ नावाचा फोल्डर असतो तो रिकामा केला (फोल्डर तसाच ठेवायचा, फक्त आतल्या फाईल काढायच्या) आणि स्पूलर पुन्हा सुरू केला. मग जुना प्रिंटर काढून नव्यानं जोडला. साडेदहाला हॉल तिकीट हातात! तिची आई तेवढ्यात चहा टाकून आली होती. एवढ्या रात्री चहा नको म्हणायची आपल्याकडे सोय नाही.

तुमच्यातली बरीच मुलं आता पुण्या-बेंगळुरूला आहेत आणि घरी आई-बाबा या यंत्राबरोबर एकटे आहेत. फोनवरून “सेटिंगमध्ये जा” म्हणून त्यांना काही सापडत नाही, आणि मग शंभरदा विचारायला नको म्हणून ते विचारायचंच सोडतात. बँकेचा फॉर्म, जमिनीचा उतारा, सगळं दुकानात जाऊन काढून आणतात. तेव्हा पुढच्या खेपेला आलात की राऊटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवा. कुठं ‘ॲड्रेस रिझर्वेशन’ म्हणतात, कुठं ‘स्टॅटिक लीज’. दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर लाईट कितीदा गेली तरी पत्ता हलत नाही.

आणखी एक. लाईट गेली की प्रिंटरचा प्लग काढून ठेवायला सांगा, कारण परत येताना व्होल्टेज उसळू शकतं. पण रोजचं बंद करणं मात्र प्रिंटरच्याच बटणानं. भिंतीवरचं बटण दाबलं तर इंकजेटचं हेड झाकलं न जाता उघडं राहू शकतं आणि शाई वाळते. लेझर असेल तर तो इन्व्हर्टरवर लावू नये, तापताना तो एकदम एवढी वीज ओढतो की घरचा साधा इन्व्हर्टर ट्रिप होतो.

‘आधी राऊटर, मग प्रिंटर, मग कॉम्प्युटर’ एवढं मोठ्या अक्षरात मराठीत लिहून प्रिंटरवर चिकटवा. बाबांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं.